अनुभव धागा: वर्गात खेळ आणला तेव्हा काय झालं?

गोदातीर

गेल्या आठवड्यात प्राध्यापकांसाठीचं एक ऑनलाइन प्रशिक्षण होतं. तिसऱ्या दिवशी विषय गेमिफिकेशन, म्हणजे शिकवण्यात खेळाच्या युक्त्या आणणं. गुण, बिल्ले, क्रमवारीचा फलक. पडद्यावर एका वर्गाची क्रमवारी दाखवली, वरची तीन नावं सोनेरी आणि सगळ्यात खालचं राखाडी. त्या राखाडी नावावरून माझी नजर हलेना. प्रशिक्षण संपल्यावर कपाटाच्या वरच्या फळीवरून पत्र्याचा एक डबा खाली काढला. आत चिंचोके आहेत, उभे फोडलेले, दगडावर घासलेले. म्हणून हा धागा.

मी नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला संख्याशास्त्र शिकवते. २०२० मध्ये सगळं मोबाईलवर आलं तेव्हा मुलं टिकावीत म्हणून मी दर शनिवारी प्रश्नमंजुषा घ्यायला लागले. बरोबर उत्तर जितक्या लवकर दाबाल तितके जास्त गुण, आणि शेवटी सगळ्यांची क्रमवारी. ती मी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे. वरची आठदहा मुलं जाम खूश. मला वाटायचं वर्ग जिवंत आहे.

सुरगाण्याकडचा एक मुलगा दर आठवड्याला शेवटच्या दोघांत असायचा. पाचव्या की सहाव्या आठवड्यात तो ग्रुपमधून निघून गेला. मी फोन केला नाही. अभ्यासात मन नसेल असं मनात ठरवून मोकळी झाले. ही माझी चूक, आणि ती मी आजही विसरलेले नाही.

२०२२ मध्ये वर्ग पुन्हा भरले. तो आला, मागच्या बाकावर बसला. मी द्विपद वितरण (इतक्या वेळा टाकल्यावर किती वेळा काय पडेल याचा हिशोब) शिकवत होते, फळ्यावर नेहमीचं नाणं, छापा-काटा. मागून आवाज आला, "मॅडम, आमच्याकडं चार चिंचोके टाकत्यात." दुसऱ्या दिवशी खिशातून घेऊन आला. चिंचोका उभा फोडायचा, आतली बाजू पांढरी, बाहेरची काळपट. चार टाकायचे. जितके पांढरे वर तितकी घरं पटावर पुढे. चारही पांढरे तर चार आणि पुन्हा डाव. चारही काळे पडले तर आठ!

पुढचे चार तास तोच वर्ग चालवत होता म्हटलं तरी चालेल. दोन्ही बाजू सारख्या पडतात असं धरलं तर सोळापैकी एकदा चार, एकदा आठ, चारदा एक, चारदा तीन आणि सहादा दोन. वर्गाने टाकून पाहिलं, आकडे जुळेनात. का जुळत नाहीत यावर जी भांडणं झाली तशी मी आयुष्यात ऐकली नव्हती. घासण्यावर अवलंबून आहे, फरशीवर अवलंबून आहे, टाकणाऱ्याच्या हातावर आहे. तिथून नमुना, अंदाज, चाचणी, सगळं मुलांच्या तोंडून निघालं. गुण कुणालाच नव्हते.

सत्र संपताना त्याला विचारलं, ग्रुप का सोडलास. म्हणाला, "उत्तर येत व्हतं मॅडम. रेंजसाठी डोंगरावर जायला लागायचं. बटण दाबलं तरी ते जाईस्तोवर बाकीच्यांचं झालेलं असायचं."

तुम्ही शिकवत असाल किंवा शिकला असाल, तुमच्या वर्गात खेळ आला तेव्हा काय झालं ते लिहा. चांगलं, वाईट, दोन्ही.

सातपूरकर

चिंचोके!!! आमची आजी चौकाबारा म्हणायची. फरशीवर कोळशाने आखलेला पट असायचा. मॅडम तो मुलगा आता काय करतो?

गोदातीर

दिंडोरीकडे एका कंपनीत गुणवत्ता तपासणीला आहे. नमुने घेणं हेच काम. दिवाळीला फोन असतो त्याचा.

रसायनी

कुकर लावून लिहितेय, चुका पोटात घाला.

मी दर वर्षी हाउजी खेळते वर्गात. हाउजीत आकडे १ ते ९०, आणि आवर्तसारणीतली पहिली नव्वद मूलद्रव्यं हायड्रोजनपासून थोरियमपर्यंत. म्हणजे बाजारातली साधी तिकिटं चालतात, वेगळं काही छापायला लागत नाही. मी आकडा पुकारत नाही, वर्णन सांगते. "गंजतो, पण याच्याशिवाय रक्त लाल नाही" म्हटलं की २६ खोडायचा. "सारणीत मधोमध आहे पण प्रयोगशाळेत बनवून मिळवावं लागलं" म्हटलं की ४३. तिकिटावर पंधराच आकडे असतात, पण आपल्याकडे तो आहे का बघायला मुलांना नव्वदही डोक्यात फिरवावे लागतात.

एकदा पुकारलं, "खोलीच्या तापमानाला द्रव असणारा धातू." सगळ्यांनी ८०, पारा. एक मुलगी उभी राहिली, मॅडम ३१ पण. गॅलियम २९.८ अंशांना वितळतं, एप्रिल चालू आहे, आपल्या लॅबमध्ये आत्ता किती आहे? तापमापक आणला, ३४. मग दुसरा म्हणाला तर मग ५५ पण, सिझियम २८.५ ला. अर्धा तास हाउजी थांबली. "खोलीचं तापमान" म्हणजे कुणाची खोली, हा प्रश्न वीस वर्षांत माझ्या मनात आला नव्हता. त्या दिवसापासून मी अंश सांगूनच पुकारते.

बक्षीस म्हणून फक्त पेरू. फुल हाउसला दोन पेरू. शिट्टी झाली, येते.

खडू_फळा

गोदातीर मॅडम, लेख मनापासून आवडला. मी ३४ वर्षं गणित शिकवून निवृत्त झालो. मला हे सगळं प्रकरण पटत नाही, तेही मनापासूनच सांगतो. विद्यार्थ्याला विषयाची गोडी लागायची तर ती विषयातूनच लागली पाहिजे. बिल्ल्याची गोडी लागली तर तो बिल्ल्याचा विद्यार्थी झाला.

मी एकच करायचो. आठवड्यातून एकदा सिद्धता लिहिताना मुद्दाम एक पायरी चुकीची लिहायचो. क बरोबर ख धरून क वजा ख ने दोन्ही बाजूंना भागायचो आणि १ बरोबर २ सिद्ध करून शांत उभा राहायचो. ज्याला चूक सापडेल त्याने माझ्या हातातला खडू घ्यायचा आणि तास पुढे न्यायचा. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. याला मी खेळ म्हणत नाही, शिकवणं म्हणतो.

देवळालीची हवा

सर, खडू हातात मिळणं हे बक्षीसच झालं की! तुम्ही आमच्यापेक्षा वीस वर्षं आधी केलंत, नाव तेवढं दिलं नाहीत.

खडू_फळा

असेल बाळा. नाव नसल्यामुळे बरं चाललं असं मला वाटतं. शिवाय चूक शोधणारा दर वेळी वेगळा असायचा, यादी कुणाजवळ नव्हती. मॅडमनी तो राखाडी नावाचा मुद्दा लिहिलाय ना, तो तिथे येतच नव्हता.

सातपूरकर

गेमिफिकेशनला मराठीत काय म्हणायचं? खेळीकरण?

टाकळीची वाट

क्रीडीकरण कानाला बरं वाटत नाही, खेळीकरण म्हटलं की खेळी केल्यासारखं वाटतं. मी "खेळवणं" म्हणते. वर्ग खेळवणं. आई मूल खेळवते तसं.

सातपूरकर

खेळवणं झकास.

तासिकावाला

मी तासिका तत्त्वावर आहे. सकाळी नाशिकरोडला दोन तास, मग बसने पिंपळगावला दोन. धागा वाचून लिहावंसं वाटलं.

मला खेळ घ्यायला आवडतो. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला घरातला व्यापाराचा पट नेला होता. सहा जणांचा गट, प्रत्येक चालीची रोजनिशीत नोंद. शहर विकत घेतलं, मालमत्ता नावे, रोख जमा. भाडं भरलं, भाडे खर्च नावे. शेवटी प्रत्येकाचं तेरीज-पत्रक (ट्रायल बॅलन्स) जुळलं पाहिजे. नावे-जमा वर्षभर घोकून न समजलेल्या मुलाला त्या दिवशी समजलं, कारण पैसे त्याच्या हातातून गेले होते. जुळलं नाही की दोघं मिळून मागे मागे जाऊन चाल शोधायचे, "अरे तू मला दोनशे दिलेच नाहीस."

पण हे उभं करायला मला रविवारचा अख्खा दिवस लागला, सहा संच मित्रांकडून गोळा केले, तक्ते पदरच्या पैशांनी छापले. मला पैसे मिळतात घेतलेल्या तासाचे. तयारीच्या तासांचे नाहीत. आणि एका ठिकाणी, नाव सांगत नाही, खेळ सुरू झाल्यावर दहा मिनिटांत फाइलीसाठी फोटो काढायला माणूस आला. मुलांना पट धरून कॅमेऱ्याकडे बघायला लावलं, दोनदा. तिसऱ्यांदा बॅनर लावून. बॅनर सरळ होईपर्यंत घंटा झाली. नोंदी अर्ध्या राहिल्या. मुलं मला म्हणाली, सर पुढच्या तासाला पूर्ण करू. पुढचा तास नव्हता, सुट्टी लागली.

प्रशिक्षणात कुणी सांगत नाही की हे करायला वेळ कुणाचा जातो.

रसायनी

दादा, अगदी खरं. माझी नोकरी पक्की आहे म्हणून मी पेरू वाटू शकते. ते तक्ते इथे सगळ्यांना देता येतील का? मी छापून घेईन, आमच्या कॉमर्सच्या मॅडमना देते.

तासिकावाला

देतो ताई, रात्री. आत्ता बसमध्ये आहे, द्वारका चौकात अडकलोय.

सातपूरकर

द्वारकेला अडकलाय म्हणजे तक्ते उद्याच :)

पांढरा कोट

मी नर्सिंगला शिकवते. आमच्याकडे २०२७ च्या कुंभाची चर्चा आतापासून आहे, त्यामुळे गर्दीत जखमी आले तर आधी कुणाकडे जायचं हे चौथ्या वर्षाला मी खेळातून घेते. बारा मुलं जमिनीवर रुग्ण होऊन पडतात, गळ्यात चिठ्ठी. चालू शकतो तो हिरवा. श्वास मिनिटाला तीसच्या वर, लाल, म्हणजे आधी त्याच्याकडे. नखं दाबून सोडल्यावर रंग यायला दोन सेकंदांहून जास्त लागला, लाल. साधी सूचना पाळता येत नाही, तरी लाल. प्रत्येकाला साठ सेकंदांच्या आत त्या रंगाची पट्टी बांधायची आणि पुढे जायचं. थांबायचं नाही, हेच सगळ्यात अवघड असतं. मुली पहिल्या रडणाऱ्या रुग्णापाशीच बसून राहतात.

पहिल्या वर्षी मी गुण ठेवले होते. बरोबर पट्टीला दहा, चुकीला वजा पाच, आणि लाल माणूस हातचा गेला तर वजा वीस. एका गटात शेवटी मुलं ओरडली, "अरे दोनच मेले, आपण जिंकलो!" टाळ्या वाजल्या. मी तिथेच उभी होते. २००३ च्या कुंभात चेंगराचेंगरी झाली तेव्हा मी विद्यार्थिनी होते. त्या दिवशीचं काही इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी गुण काढून टाकले. घड्याळ ठेवलं, चिठ्ठ्या ठेवल्या. शेवटी प्रत्येक रुग्ण उठून सांगतो, तू माझ्यापाशी आलीस तेव्हा काय पाहिलंस आणि काय पाहायचं राहिलं. ते ऐकताना मुली वहीत लिहीत असतात. कुणी लिहायला सांगितलेलं नसतं.

गोदातीर

पांढरा कोट, हे वाचून काही वेळ काही सुचलं नाही. घड्याळ ठेवून गुण काढले, हे लक्षात ठेवते. मला आतापर्यंत दोन्ही एकच वाटत होतं.

द्वारका सिग्नल

मी वेगळं सांगते. अभियांत्रिकीला होते, सत्तर जणांचा वर्ग, मराठी माध्यमातून आलेली, पहिल्या सहा महिन्यांत एकाही सरांना माझं नाव माहीत नव्हतं. प्रोग्रॅमिंगच्या सरांनी कोडी सोडवायचा फलक सुरू केला. नाव टोपणनाव, वेळेचं बंधन नाही, आठवडाभरात केव्हाही सोडवा. मी रात्री जागून सोडवायचे. तिसऱ्या आठवड्यात "मेथीचीजुडी" पहिल्या क्रमांकावर होती आणि अख्खा वर्ग शोधत होता की ही कोण. मी महिनाभर सांगितलं नाही. त्या महिन्यात मी जितकी सुखात होते तितकी कॉलेजात पुन्हा कधी नव्हते.

फलक वाईटच असतो असं नका म्हणू. मला त्याने उभं केलं.

खडू_फळा

मेथीचीजुडी, हे मी कबूल करतो. टोपणनाव आणि आठवडाभराची मुदत, या दोन गोष्टींनी फरक पडला असावा.

शेवटचा बाक

मी पण फलकावर होतो. खालून तिसरा. टोपणनाव नव्हतं. रात्रपाळी अंबडला, सकाळी लेक्चर. आमच्या ॲपमध्ये सलग दिवसांची साखळी होती, एक दिवस चुकला की शून्य. ४१ दिवस सांभाळली, मग एकदा पाळी लांबली. शून्य बघितलं आणि ॲप काढून टाकलं. अभ्यास पण त्यासोबत गेला थोडे दिवस. बाकी काही नाही. सरांना राग नव्हता माझ्यावर, त्यांना कळलंच नसेल.

रसायनी

४१ दिवस रात्रपाळी करून. बाप रे. ते ४१ कुणी पुसू शकत नाही भाऊ.

फुलपाखरू

बी.एड.ला शिकवते, त्यामुळे शेवटचा बाक यांच्याशी जोडून एक सांगायचा मोह होतोय. १९७३ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे, लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा. चित्रं काढायची आवड असलेली बालवाडीतली मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात कोण किती चित्रं काढतं ते पाहिलं. ज्यांना आधी कबूल केलं होतं त्यांनी बाकीच्यांच्या निम्म्याच्या आसपास वेळ चित्रांना दिला. न सांगता मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

हे मी दर वर्षी शिकवते आणि तरीही मी स्वतः वर्गात तारे सुरू केले होते. प्रश्न विचारला की तारा. दोन महिने प्रश्नांचा पाऊस. मग प्रकल्पाच्या कामामुळे तारे थांबवले. एका मुलीने हात वर केला, मी बोल म्हटलं, ती म्हणाली, "मॅडम, याला तारा आहे का?" नाही म्हटल्यावर तिने हात खाली घेतला. प्रश्न काय होता ते मला कधीच कळलं नाही.

आता देते ते न सांगता देते, आणि कधीतरीच. एखादीच्या वहीत दोन ओळी लिहून.

निफाडची लेक

मी शिकवत नाही. वय ४८, मुक्त विद्यापीठातून बीए करतेय. रविवारी संपर्क सत्राला येते, सकाळची सात वाजताची एसटी. आमच्या मॅडमनी एकदा कागदाचा बिल्ला दिला होता, "सगळ्यात चांगला प्रश्न" असं लिहिलेला. मी तो घरी कपाटाच्या दाराला चिकटवलाय. मुलगा इंजिनियर आहे, तो हसला नाही, त्याने फोटो काढून बायकोला पाठवला. मला लग्नानंतर मिळालेली ही पहिली शाबासकी. म्हणून बिल्ले देत जा, एवढंच म्हणणं.

फुलपाखरू

ताई, तुमच्या मॅडमनी तो आधी सांगून दिला होता का?

निफाडची लेक

नाही नाही. निघताना हातात ठेवला. एसटी सुटत होती.

टाकळीची वाट

मराठी शिकवते. वृत्तं म्हटलं की मुलांचे चेहरे पडतात. यमाताराजभानसलगा पाठ असतं, पण कानाला काही लागत नाही. आमच्या वर्गाबाहेर लांब व्हरांडा आहे, शहाबादी फरशी. तिथे नेलं. लघु अक्षराला एक फरशी, गुरूला दोन. भुजंगप्रयाताच्या ओळीत लघु-गुरु-गुरु असं चार वेळा, म्हणजे बारा अक्षरं आणि वीस फरशा. ओळ म्हणत चालायचं, विसाव्या फरशीवर ओळ संपली पाहिजे. समर्थांनी टाकळीला बारा वर्षं तप केलं असं सांगतात, ती टाकळी आमच्या कितीतरी मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे आणि मनाचे श्लोक याच वृत्तात, हे चालल्यावर त्यांच्या लक्षात आलं. एक म्हणाला, मॅडम ही तर रोजची चाल आहे.

मग स्वतःची ओळ करायची आणि चालून दाखवायची. पहिल्या दिवशी सगळे सतराव्या नाहीतर तेविसाव्या फरशीवर. तिसऱ्या दिवशी एका मुलाची ओळ आली, "सकाळी नदीला निळी शाल आली". चालला, बरोबर वीस. व्हरांडा दणाणला. लगेच त्याच्या मैत्रिणीने केली, "सकाळी नदीला उन्हाची झळाळी", आणि अडकली. न्ह जोडाक्षर, त्यामुळे आधीचा उ गुरू धरायचा का? धरला तर एकवीस फरशा. दोन गट पडले. शेवटी एकीने सांगितलं, मोठ्याने म्हणून बघा, उन्हाची म्हणताना उ वर जोर येतो का? येत नाही. आघात नाही म्हणून लघु. वीस. नियम पुस्तकात होता, पण त्यांनी तो पायांनी शोधला.

ओळ चुकली की मागे जाऊन पुन्हा सुरू करायचं, एवढीच शिक्षा. कितीही वेळा.

देवळालीची हवा

सकाळी नदीला निळी शाल आली... वा. हे कुठल्या वर्षीचं पोरगं? लिहितं अजून?

टाकळीची वाट

लिहितो. बँकेच्या परीक्षा देत देत लिहितो.

उन्हाळी कांदा

उशिरा आलो. अर्थशास्त्र. माझा वर्ग निम्म्याहून जास्त निफाड, येवला, चांदवडचा. मागणी-पुरवठ्याची रेघ काढली की ही मुलं जांभया देतात आणि बाहेर गेली की लासलगावचा सकाळचा भाव एकमेकांना सांगतात. म्हणून कांद्याचा खेळ केला.

प्रत्येक शेतकऱ्याला चाळीत वीस क्विंटल उन्हाळी कांदा. एक फेरी म्हणजे पंधरा दिवस, मेपासून नोव्हेंबरपर्यंत. प्रत्येक फेरीत ठरवायचं, किती विकायचा, किती ठेवायचा. ठेवलेल्याचं वजन घटतं, थोडा सडतो. चार विद्यार्थी व्यापारी, ते लिलाव बोलतात. आणि माझ्या हातात पत्ते: अवकाळी, दुसऱ्या राज्यातली आवक, सणाची मागणी, निर्यातबंदी. पुढच्या हंगामाला किती लावायचा हे मुलांनी या हंगामाच्या भावावरून ठरवायचं, आणि मग दोन हंगामांत भाव कसा वर-खाली हेलकावे खातो ते कागदावर आपोआप उमटतं. कॉबवेब म्हणून जे मी दहा वर्षं फळ्यावर काढत होतो ते मुलांनी स्वतःच्या चाळींनी काढलं. शेतकऱ्यांच्या मुलांनी पहिल्या डावात मला आणि शहरातल्या मुलांना धुऊन काढलं. कधी थोडा विकून हात मोकळा ठेवायचा ते त्यांना ठाऊक असतं.

२०२४ च्या जानेवारीत खेळत होतो. निर्यातबंदी नुकतीच, डिसेंबर २०२३ ची. मी तो पत्ता उलटला. सगळे ओरडले, तसं ओरडतातच. एक मुलगी ओरडली नाही. तिने कागद घडी घातला आणि बाकावर ठेवला. तास संपल्यावर म्हणाली, "सर, तुम्ही आत्ता जो भाव बोललात ना, तोच पप्पांना परवा मिळाला. घरी दोन दिवस कुणी बोलत नाहीये."

मला काय बोलावं कळेना. खेळ बंद करू का असं विचारलं. ती म्हणाली, बंद नका करू, पण पत्ता उलटल्यावर लगेच पुढची फेरी नका घेऊ. थांबत जा, म्हणजे आम्हाला बोलता येईल.

तेव्हापासून त्या पत्त्यानंतर फेरी नसते. त्या दिवशीचा उरलेला तास मुलं बोलतात. शहरातली मुलं प्रश्न विचारतात, गावाकडची उत्तरं देतात. मी फळ्याजवळ उभा असतो. अभ्यासक्रमात याला एक तास धरलाय, माझे तीन जातात, आणि मला ते जायला हवे असतात.

तासिकावाला

सर, वाचून घशात काहीतरी अडकलं. आमचाही कांदाच होता. तक्ते टाकलेत, बघा उघडतात का.

रसायनी

उघडले. धन्यवाद दादा. रोजनिशीचा तक्ता फार नीट केलाय.

पांढरा कोट

"थांबत जा, म्हणजे आम्हाला बोलता येईल." ही मुलगी उद्या शिक्षिका झाली पाहिजे.

सातपूरकर

मंडळी, धागा वाचून मी आणि माझी लेक (सातवी) काल रात्री चिंचोके घासले. आजीला विचारून नियम घेतले. आमच्याकडे सहाणेवर घासतात म्हणे. चार चिंचोके, ४८ वेळा टाकले, लेकीने वहीत मांडलं:

एकही पांढरा नाही (आठ!): ६ वेळा
एक: १५
दोन: १६
तीन: ९
चारही: २

मॅडम, आमचं काही चुकलं का? आठ फार आले असं ती म्हणतेय.

गोदातीर

सातपूरकर, तुमच्या लेकीला माझ्याकडून मोठी शाबासकी, आणि ती न सांगता दिलेली आहे असं फुलपाखरूंना कळवा.

तिचं बरोबर आहे. दोन्ही बाजू सारख्या असत्या तर ४८ मध्ये ३, १२, १८, १२, ३ असं काहीसं अपेक्षित होतं. आता असं करा. पांढऱ्या एकूण किती आल्या? १५, अधिक ३२, अधिक २७, अधिक ८, म्हणजे ८२. एकूण चिंचोके पडले १९२. म्हणजे पांढरी वर येण्याचं प्रमाण ०.४३ च्या आसपास. ते धरून पुन्हा मांडलं तर ५, १५, १७, ९, २ येतं. तुमच्या वहीशी ताडून बघा.

एक प्रश्न तिला विचारा, घाईने उत्तर नको. चारही चिंचोके सारखेच तिरके आहेत, की त्यांतला एकच सगळ्यांना खाली ओढतोय? हे शोधायला ती काय करेल?

सातपूरकर

विचारलं. पाच मिनिटं गप्प होती. आता पेन घेऊन चारही चिंचोक्यांवर एक, दोन, तीन, चार लिहितेय. आजी म्हणतेय शाई निघणार नाही, खेळायला दुसरे घासा.

खडू_फळा

तिला सांगा, आकडे काळ्या बाजूला लिहू नको, दिसणार नाहीत.

सातपूरकर

सर, ती म्हणतेय दोन्ही बाजूंना लिहावे लागतील, नाहीतर उलटा पडल्यावर कुठला ते कसं कळणार. काळ्या बाजूला आजीचा चुना लावलाय. टाकायला बसलोय, निकाल रात्री.